चौदा नंबरचा दगड

फेब्रुवारीची सोळा तारीख, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. हवेतील वजन : ५४.० ग्रॅम.

माझ्या बारावीच्या प्रात्यक्षिक वहीच्या शेवटच्या पानावर एवढी एक ओळ निळ्या शाईत आहे. वर्ष लिहिलेले नाही. ते कधी विसरले जाईल असे तेव्हा वाटले नव्हते. त्या ओळीखाली आणखी सहा आकडे आहेत. ते आकडे लिहू नयेत, किंवा लिहिले तरी चूक म्हणावेत, असे मला चार माणसांनी सांगितले. त्यांतली तीन माझ्या भल्याची होती, आणि चौथी माझी आई होती.

आमची वाडी शेणव्याच्या पुढे, गाव संपून माळ सुरू होतो तिथे. जमीन आमच्या नावावर कधीच नव्हती. भातकापणी आटोपली की बाबा भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जात, ते होळीला परतत. आई मात्र कुठे जात नसे. मुरबाडच्या बाजूला टेकडी फोडून केलेली एक खदान होती, तिथे ती बारा वर्षे दगड फोडत होती. खडी करायला यंत्र होते, पण यंत्राच्या तोंडात न मावणारे दगड बायकांनी हातोडीने फोडायचे, अशी तिथली कामाची वाटणी. आमच्या घराचा दिवस त्या खदानीच्या आवाजांवर चाले. सकाळी नाचणीची भाकरी थापण्याचा आवाज, मग टेम्पोचा भोंगा, दुपारी सुरुंगाआधीची शिट्टी आणि त्यानंतर भांड्यांच्या फळीवरून उठणारी थरथर. सुट्टीच्या दिवशी मी आईबरोबर जाई. सुकटीची चटणी आणि भाकरी फडक्यात बांधलेली असे. दगडाची भुकटी त्या फडक्यातही शिरे. भाकरीचा पहिला घास दाताखाली करकरला नाही तर मला आजही काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

खदानीत आईने मला एकच गोष्ट शिकवली. दगडावर हातोडी मारण्यापूर्वी तो उचलायचा, तळहातावर एकदा हलकेच झेलायचा, आणि मगच ठरवायचे. "हातात घे आधी," ती म्हणे. "आकाराच्या मानानं हलका लागला तर बाजूला ठेव. त्याच्या पोटात फुलं असतात. मारलंस तर उडतात नि डोळ्यात जातात." फुले म्हणजे काळ्या दगडाच्या पोकळ्यांत वाढलेले पांढरे, मोत्यासारख्या चमकेचे स्फटिक. आईच्या डाव्या भुवईत अशाच एका फुलाचा व्रण आहे. तो दगड तिने घाईत, न झेलता फोडला होता. खदानीतल्या साऱ्या बायकांची ही रीत होती. दिवसाकाठी शेकडो दगड त्या अशा झेलत, गप्पा मारता मारता, न पाहता. घनता हा शब्द त्यांच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हता आणि घनतेबाबत त्यांच्यापैकी एकीचीही चूक होत नव्हती.

मी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकले त्याचे नाव लिहिण्याची गरज नाही. शहापूरहून मुरबाडकडे जाताना लागणाऱ्या एका फाट्यावर ते होते, एवढे पुरे. तिथे भूशास्त्र हा विषय होता. आसपास दुसरीकडे कुठेही नव्हता. तो होता याचे कारण म्हणजे भोईर सर. ते स्वतः भूशास्त्र शिकलेले, आणि वर्गात वीस मुले जमवून दरवर्षी विषय जिवंत ठेवणारे. मुलांना गोडी होती ती गुणांची. विषय 'स्कोअरिंग' आहे, अशी त्याची ख्याती होती. स्कोअरिंग का, हे मला अकरावीतच कळले. प्रयोगशाळेत लाकडाची एक लांबट पेटी होती, तिच्यात चोवीस घरे, आणि प्रत्येक घरात एकेक खनिज किंवा खडक. एक नंबर अभ्रक, तीन नंबर गारगोटी, सात नंबर हेमॅटाइट, चौदा नंबर बराइट. घर आणि नाव यांची जोडी पाठ केली की अर्धी परीक्षा संपली. गुणधर्म वहीत आधीच लिहिलेले असत, जसे बराइटचे : रंग पांढरा, कस, म्हणजे घासल्यावर उमटणारी रेघ, पांढरा, चकाकी मोत्यासारखी, कठिनता तीन ते साडेतीन, विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड, ४.५. नमुने हाताळायला मनाई होती. हाताळले की हरवतात, असे सरांचे म्हणणे, आणि ते अनुभवाचे बोल होते. आम्ही दोन वर्षे दगडांचा अभ्यास दगडांना हात न लावता केला. परीक्षेत तेवढा एक नमुना आणि तराजू बाकावर मिळे, पण आकडा पाठ असल्यामुळे कोणी मोजत नसे.

इथे मला थोडे थांबून सांगायला हवे की मी तेव्हा विनम्र मुलगी नव्हते आणि आजही झालेली नाही. वर्गात मला 'खदानवाली' म्हणत. पहिल्यांदा ते म्हणाले तेव्हा मी फळ्याजवळ जाऊन बेसाल्टमधील चार खनिजांची नावे लिहिली आणि म्हणाले, "खदानवालीला एवढं येतं. तुम्हाला काय येतं?" मला पदवीला भूशास्त्रच हवे होते आणि ते वसतिगृह असलेल्या महाविद्यालयात हवे होते, कारण रोज ये-जा करणे आम्हाला झेपणारे नव्हते. त्या महाविद्यालयाची पहिली यादी म्हणजे वसतिगृहाची जागा. दुसरी यादी म्हणजे नुसता प्रवेश. पहिल्या यादीसाठी मला प्रात्यक्षिकात जवळजवळ एकही गुण गमावून चालणार नव्हते. हे गणित मी घराच्या कुडावर कोळशाने मांडले होते आणि आई रोज ते न पुसता भिंत सारवत असे.

परीक्षेच्या दोन दिवस आधी पेटी पुसण्याचे काम माझ्याकडे आले. प्रयोगशाळेचे शिपाई काशीनाथमामा एकेक नमुना काढून देत आणि मी ओल्या फडक्याने पुसून परत ठेवी. सात नंबर जड लागला, जसा लागायला हवा तसा. मग चौदा नंबर हातात आला. मी काही विचार केला नाही. हाताने आपोआप तो झेलला. आणि हात फसला. लहान लिंबाएवढा दगड, बराइट म्हणून लिहिलेला, म्हणजे त्याच आकाराच्या गारगोटीच्या पावणेदोन पट जड असायला हवा. तो गारगोटीपेक्षाही हलका होता. मी तो खिडकीपाशी नेला. पांढरा, मोत्याची झाक, मधोमध आवळून बांधलेल्या पेंढीसारखी स्फटिकांची रचना. त्याला मी लहानपणापासून ओळखत होते. आईच्या भुवईत तोच होता.

"मामा, हे बराइट नाही."

मामांनी फडके पिळले. "चौदा नंबर आहे ना? मग बराइटच."

"हे आमच्या खदानीतलं फूल आहे."

मामांनी फडके बाजूला ठेवले. मग म्हणाले, "तुमच्या खदानीतलं नाय. माझ्या अंगणातलं. तुळशीपाशी पोरांनी ठेवलेलं." आणि त्यांनी सगळे सांगितले, चोरी कबूल केल्यासारखे नव्हे, तर केलेल्या कामाचा हिशेब दिल्यासारखे. मूळचे बराइट सात वर्षांपूर्वी फरशीवर पडून चुरा झाले होते. दुसऱ्या दिवशी तपासणी होती आणि पेटीत चौदाव्या घराला भोक दिसत होते. मामांनी पुस्तकातले वर्णन एका मुलाकडून वाचून घेतले. घरी जाऊन सारे पांढरे दगड मांडले, सुरीने ओरखडून पाहिले, उन्हात धरून पाहिले. "रंग जुळवला, चमक जुळवली, खरडलं तरी तेवढंच खरडतं. वजन जुळवायचं मला कोणी सांगितलं?"

आज इतक्या वर्षांनी, अनेक संग्रह पाहून झाल्यावर, मी मामांच्या निवडीला दाद देते. आमच्या खदानीतले फूल म्हणजे स्टिल्बाइट. त्याची कठिनता साडेतीन ते चार, कस पांढरा, चकाकी मोत्यासारखी. पाच गुणधर्मांपैकी चार त्यांनी जवळजवळ तंतोतंत गाठले होते. पाचवा गाठला नाही (स्टिल्बाइटचे विशिष्ट गुरुत्व जेमतेम २.२), आणि बराइटची सारी ओळख त्या पाचव्यातच असते. सात वर्षे सात वर्गांनी त्या दगडासमोर ४.५ लिहिले आणि पूर्ण गुण मिळवले, कारण एकाही हाताने तो झेलला नव्हता.

मी सरांकडे गेले. ते चकित झाले नाहीत, आणि मला जास्त राग आला तो त्याचाच. "मला माहीत आहे, दर्शना," ते म्हणाले. "पहिल्याच वर्षी कळलं होतं. नवीन नमुन्यांसाठी दोनदा लिहिलं, आले नाहीत. आणि पेटी अपुरी आहे असं वर कळलं, तर विषय बंद. वीस मुलं मी कशी गोळा करतो, तुला ठाऊक आहे ना? तुझ्यानंतर वाडीवरची आणखी एखादी मुलगी येईल. तिच्यासाठी तरी हे राहू दे."

"पण सर, ४.५ खोटं आहे."

"यादी परीक्षकांकडे गेली आहे. यादीत बराइट आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला चौदा नंबर येणार नाही, ते मी बघतो. तीन नंबर देतो. गारगोटी. २.६५ येईल, खरंच येईल. झालं समाधान?"

झाले नाही. सर वाईट होते म्हणून नव्हे. ते चांगले होते, आणि त्यांचा युक्तिवाद मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही. पण ज्या विषयाचा पाया 'मोजा आणि लिहा' एवढाच आहे, तो न मोजता लिहून वाचवायचा, या वाक्यात कुठेतरी मूलभूत बिघाड आहे, हे मला सतराव्या वर्षी दिसत होते.

संध्याकाळी चुलीपाशी मी आईला सांगितले. मला वाटले होते, ती माझ्या बाजूने उभी राहील. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "त्यांना काय पायजे? चार पॉइंट पाच? लिही नि सुट."

"आये, तूच शिकवलंस. हातात घे आधी."

"मी डोळा वाचवायला शिकवलं. भांडायला नाय." तिने कुडावरच्या कोळशाच्या आकड्यांकडे बोट केले. "हे तुझंच ना? यात बसतं का तुझं भांडण? बारा वर्षं मी दगड फोडला तो तू पण फोडावास म्हणून नाय, बाय."

"मग तू हलका दगड कधी जड म्हणून पाटीत टाकलास का? मुकादमाला खूश करायला?"

आईने तवा उतरवला. भाकरी माझ्या ताटात टाकली, अंबाडीची भाजी वाढली आणि स्वतः उशिरा जेवली. ती माझ्याशी सहमत झाली असे मी लिहिणार नाही.

सोळा तारखेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पन्नाशीच्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या. आल्याबरोबर त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले. सरांनी शब्द पाळला होता. माझ्या बाकावर तीन नंबर होता. चौदा नंबर वैशालीच्या बाकावर होता. वैशाली माझी एकुलती एक मैत्रीण, आणि तिने उत्तर आधीच पेन्सिलने फिकट लिहून ठेवलेले.

"बदलतेस?" मी विचारले.

"येडी झालीस काय गो? चौदा नंबर तयार आहे माझा."

"माझा तीन नंबर घे. त्यात मोजलंस तरी तेवढंच येतं."

तिने माझ्याकडे पाहिले, सरांकडे पाहिले. "मरशील," ती म्हणाली आणि दगड सरकवला.

नऊ वाजून वीस मिनिटांनी मी चौदा नंबर दोऱ्याने तराजूच्या दांडीला टांगला. हवेत ५४.० ग्रॅम. मग त्याच्याखाली पाण्याचे चंचुपात्र सरकवले. पाण्यात २८.८. घट २५.२. हवेतल्या वजनाला घटेने भागले : २.१४. खरे बराइट असते तर पाण्यात जेमतेम बारा ग्रॅम गमावले असते. मी आकडे लिहिले आणि खनिजाचे नाव या रकान्यात लिहिले : स्टिल्बाइट.

बाई बाकामागून बाक पाहत आल्या. माझ्यापाशी थांबल्या, यादी पाहिली. "चौदा नंबर बराइट आहे. हे काय लिहिलंस?"

"मोजलं ते लिहिलं, बाई."

"चूक मोजलंस. दुप्पट यायला हवं."

भोईर सर खिडकीशी उभे होते. त्यांनी मान हलवली, नको, एवढेच. मला ते दिसले. मी म्हणाले, "बाई, एकदा हातात घेऊन बघा."

वर्गात कोणीतरी हसले. बाईंनी दगड दोऱ्यासकट पाण्यातून उचलला, आणि मी जे पाहायला थांबले होते ते घडले : त्यांचा हात वाजवीपेक्षा वर गेला. जड वस्तूसाठी तयार झालेला स्नायू हलकी वस्तू मिळाली की असाच उडतो. बाईंनी तो खाली आणला, पुन्हा झेलला. मग यादी घडी करून टेबलावर ठेवली.

"ही यादी कोणी केली?"

"मी," सर म्हणाले.

"दगड मी ठेवलेला, बाई," दारातून काशीनाथमामा म्हणाले. "सरांचा दोष नाय. पोरीचा तर नायच नाय."

बाईंनी दगड पुन्हा दांडीला टांगून पाण्यात सोडला. मग माझ्या बाकाशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे बघ, मुली. माझ्या तक्त्यात दोन रकाने आहेत. यादीतलं नाव आणि विद्यार्थ्याचं नाव. जुळलं तर गुण, नाही जुळलं तर शून्य. तिसरा रकाना मला दिलेला नाही. तू नाव बराइट लिही. आकडा तुझाच राहू दे. खाली लिही की प्रयोगात त्रुटी राहिली. मी पूर्ण गुण देते."

तो प्रस्ताव दुष्ट नव्हता, आणि हीच त्याची अडचण होती. माझा आकडा राहणार होता, सरांचा विषय राहणार होता, आईचा कोळशाचा हिशेब राहणार होता. बदलायची होती ती एकच गोष्ट : बरोबर मोजलेल्या आकड्याला मी माझ्याच हाताने चूक म्हणायचे. मी कुडावरचे गणित मनात एकदा केले. ते बसत नव्हते.

"त्रुटी राहिलेली नाही, बाई," मी म्हणाले.

पुढचे थोडक्यात सांगते, कारण ते माझ्या मते या प्रकरणाचा मुख्य भाग नाही. नावाचे आणि त्यावर अवलंबून असलेले सगळे गुण गेले. पहिल्या यादीत माझे नाव आले नाही. वसतिगृह मिळाले नाही. पहिले वर्ष मी पहाटेची गाडी पकडून ये-जा केली आणि उरलेला वेळ झोपले. विषय बंद पडला नाही. बाईंनी काय लिहून पाठवले ते मला कधी कळले नाही, पण पुढच्या वर्षी चौदाव्या घरात नवा दगड आला, आणि वैशालीची धाकटी बहीण सांगते की आता नमुने हातात देतात. सर मात्र माझ्याशी दोन वर्षे बोलले नाहीत. मी त्यांची क्षमा मागितली नाही. माझ्यामुळे त्यांना काय सोसावे लागले असेल हे मला ठाऊक आहे, आणि तरीही मागितली नाही. आई आता खदानीत जात नाही. माझ्या घरी असते, आणि मी आणलेला प्रत्येक नमुना ती आधी तळहातावर झेलते. परवा एका दगडाबद्दल माझा अंदाज चुकला आणि तिचा बरोबर आला, तेव्हा ती म्हणाली, "तू लिहीत जा. मोजणं माझ्याकडे दे."

पण त्या सकाळी मी नाही म्हटल्यावर बाई उठून गेल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि चंचुपात्राकडे वाकून पाहिले. "त्रुटी राहिलेली नाही म्हणतेस," त्या म्हणाल्या, आता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मग हे काय आहे?" दगडाच्या पेंढीच्या खोबणींत हवेचे बारीक बुडबुडे चिकटलेले होते. बुडबुडे दगडाला वर उचलतात. पाण्यातले वजन कमी भरते आणि उत्तर खरे असेल त्यापेक्षा लहान येते. बाई बरोबर होत्या. मी चुकले होते. थोडीच, पण चुकले होते, आणि चूक माझ्या सोयीच्या दिशेने होती, ४.५ पासून आणखी दूर.

मला आठवते, माझे कान तापले. वैशाली मागून पुटपुटली, "गो, सोड ना आता." मी सोडले नाही. काशीनाथमामांकडून रंगाचा जुना कुंचला मागून घेतला आणि दगड पाण्यात बुडालेला असतानाच त्याची एकेक खोबण झाडली. बुडबुडे सुटून वर आले. थांबले, पुन्हा झाडली. शेवटचा बुडबुडा गेल्यावर दांडी स्थिर होण्याची वाट पाहिली. बाई उभ्या होत्या, सर खिडकी सोडून जवळ आले होते, मामा दारातच होते, आणि कोणीही हसत नव्हते. पाण्यातले वजन २९.२ भरले. घट २४.८. मी आधीचा २.१४ हा आकडा एका रेघेने खोडला, वाचता येईल असा, आणि त्याच्यापुढे नवा लिहिला : २.१८.